माय मरो, मावशी जगो? 'थर्टीन लिटल ब्लू एन्व्हलप्स' वाचलेल्यांनी इथे या

पावसाळी_दुपार

मॉरीन जॉन्सनची ही कादंबरी २००५ ची, म्हणजे तशी जुनीच. आमच्या घरात ती आत्ता आली, भाचीमुळे. आधी तिने वाचली, मग मी वाचली, आणि तेव्हापासून आमचं दोघींचं वाजलंय. म्हणून हा धागा. शेवटासकट सगळं बोलणार आहे, तेव्हा ज्यांना कोरी वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे वळा.

न वाचताही जे थांबलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. जिनी ब्लॅकस्टोन, वय सतरा, न्यू जर्सीची. बुजरी, अबोल, आपल्यात सांगण्यासारखं काही नाही अशी पक्की समजूत असलेली. तिची मावशी पेग न्यूयॉर्कात राहणारी चित्रकार. एक दिवस ती कोणाला न सांगता युरोपात निघून जाते आणि मेंदूच्या आजाराने वारते. मग जिनीच्या हाती एक निळं पाकीट पडतं. आत हजार डॉलर आणि पत्र: पासपोर्ट काढ, विमानाचं तिकीट काढ, आणि मी राहायचे त्या घराखालच्या चिनी हॉटेलातून तुझ्या नावाचं पुडकं उचल. पुडक्यात बाकीची पाकिटं. एकातलं काम झाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही.

वर नियम. पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढंच सामान. गाइडबुक नाही, तिथल्या भाषांची पुस्तकं नाहीत. जवळचे जास्तीचे पैसे किंवा कार्ड नाही. फोन, लॅपटॉप, कॅमेरा, गाणी, काहीही नाही. घरी फोन करायचा नाही, ईमेल करायची नाही. पत्रं लिहिली तर चालतील.

असं करत पोरगी लंडन, एडिनबरा, रोम, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, कोपनहेगन करत ग्रीसला पोचते. आणि तिथे कॉर्फू बेटावर, समुद्रात उतरलेली असताना, किनाऱ्यावर ठेवलेली सॅक चोरीला जाते. तेरावं पाकीट त्यातच. न उघडलेलं.

माझं म्हणणं असं: तोपर्यंत जिनी स्वतःहून काहीच करत नाही. मावशी सांगते, ही करते. 'एकटीने युरोप फिरणारी स्वतंत्र मुलगी' म्हणून पुस्तकाचं कौतुक होतं, पण बारा पाकिटांपर्यंत ती मेलेल्या बाईच्या हुकमाची ताबेदार आहे. मुलगी एकटी पडते ती सॅक गेल्यावर. लेखिकेने तेरावं पत्र वाचकालाही वाचू दिलं नाही, हा मला या पुस्तकातला सगळ्यात धीट निर्णय वाटतो.

भाचीच्या मते मी पुस्तक वाचलंच नाही, फक्त शेवट वाचला. बोला.

खडीसाखर

वाचलंय, दोनेक वर्षांपूर्वी. मला एकच प्रश्न पडला होता आणि तो अजून सुटलेला नाही. आई कुठे आहे?

सतरा वर्षांची मुलगी. फोन नाही, परतीची तारीख नाही, पुढचं गाव कुठलं ते तिलाही माहीत नाही. आणि आईबाप जवळजवळ अदृश्य! जिनी पत्रं लिहिते तीसुद्धा मिरियम नावाच्या मैत्रिणीला. आपल्याकडे मुलगी क्लासहून वीस मिनिटं उशिरा आली तर शेजारच्या काकूंपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळतं. इथे एका वाऱ्यावरच्या वरातीतल्या मावशीचं पत्र आलं म्हणून मुलगी खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि आईची बाजू म्हणून एक धड प्रसंग नाही.

बहीण मेली त्या बाईची. आणि त्या मेलेल्या बहिणीची पत्रं मुलीला येतायत, तिला नाही. तिला काय वाटलं असेल? मला ती कादंबरी वाचायला आवडली असती.

टिवल्याबावल्या

खडीसाखर +१. 'त्या मेलेल्या बहिणीची पत्रं मुलीला येतायत, तिला नाही' हे वाक्य पुस्तकापेक्षा भारी आहे.

शेंगेनबाबा

आयडीला जागून लिहितो.

जिनी अमेरिकन आहे म्हणून ही कादंबरी शक्य आहे. अमेरिकन पासपोर्टवर शेंगेन भागात (एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवस विनाव्हिसा फिरता येतं. ब्रिटनमध्येही व्हिसा लागत नाही, फक्त २०२५ च्या जानेवारीपासून निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. २००५ मध्ये तीही भानगड नव्हती.

आता हीच जिनी नाशिकची आहे असं समजा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनचा वेगळा. शेंगेनची फी जून २०२४ पासून ९० युरो, आणि ती बारा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना. अर्जदार अठराच्या आतला असेल तर अर्जावर पालकांची सही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. आणि खरी गंमत पुढे आहे: मुक्काम कुठे, प्रवास कसा, खर्चाला पैसे कुठून, याचे कागद आधी जोडावे लागतात. सगळ्यात जास्त दिवस ज्या देशात राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. 'पुढचं पाकीट उघडल्यावर कळेल' असं तिथल्या खिडकीवर सांगून बघा.

म्हणजे खडीसाखर यांना जी आई पुस्तकात सापडली नाही, ती आपल्या नाशिकच्या जिनीच्या प्रत्येक कागदावर सही करताना सापडेल.

दुसरी अडचण राहण्याची. बऱ्याच हॉस्टेलांत अठराच्या आतल्या एकट्या मुलांना सामायिक खोलीत घेत नाहीत. तारीख ठरवण्याआधी प्रत्येक ठिकाणचा वयाचा नियम वाचायचा.

रेल्वेचं मात्र चांगलं आहे. १९७२ मध्ये इंटररेलचा पास निघाला तोच एकवीस वर्षांच्या आतल्या पोरांसाठी. आता तो सगळ्या वयांना मिळतो, पण फक्त युरोपात राहणाऱ्यांना. आपल्याला युरेल. त्यातही सत्तावीस वर्षांपर्यंत सवलत आहे. युरोपीय संघ तर २०१८ पासून अठरा वर्षांच्या निवडक मुलामुलींना फुकट रेल्वे पास देतो, की बाळांनो जा, आपला खंड बघून या. सरकारी पैशाने पोरांना घराबाहेर काढायची ही कल्पना मला फार आवडली.

टिंगू_टीकाकार

मला हे पुस्तक अजिबात आवडलं नव्हतं. कारणं सांगतो, मग दगड मारा.

एक म्हणजे यातला युरोप नुसता पडदा आहे. नाटकात मागे लावतात तसा. इंग्रज आला की विनोदी, इटालियन आला की हात लावणारा, डॅनिश आला की हाउसबोटीवर राहणारा कलंदर. रोममध्ये मावशीचं फर्मान काय, तर एखाद्या इटालियन मुलाला केक खायला चल म्हण. ही विचारते, तो बेपे तिला बहिणीच्या घरी नेतो आणि लगट करू लागतो. अख्ख्या रोममध्ये अमेरिकन मुलीच्या वाट्याला दुसरा इटालियन आलाच नाही का?

आणि पेग. सगळ्यांना ही मावशी अवलिया वगैरे वाटते. मला ती आपमतलबी वाटली. आजारपण घरच्यांना कळवलं नाही. निरोप घेतला नाही. आणि मेल्यावर सतरा वर्षांच्या पोरीला कामाला लावलं, की जा, माझी माणसं बघून ये. लंडनचा रिचर्ड हिचा, एडिनबराची मारी हिची, पॅरिसचा कॅफे हिने रंगवलेला, कोपनहेगनचा क्नुड हिचा. पुढे कळतं की रिचर्ड चक्क नवरा होता, तेही बहिणीला ठाऊक नाही! जिनीचा प्रवास यात कुठे आहे? पेगच्या अस्थी घेऊन फिरावं तशी ती फिरते, फक्त अस्थींच्या जागी पाकिटं.

शेवटी मावशीची चित्रं सापडतात, लिलाव होतो, भरपूर पैसे येतात. म्हणजे दुःखाची नुकसानभरपाईसुद्धा पौंडांत.

खडीसाखर

टिंगू, 'आपमतलबी' बरोबर आहे. पण मरणाऱ्या माणसाला थोडं आपमतलबी असायची मुभा असावी.

डच_डोसा

मी उत्रेख्तला राहते, त्यामुळे अ‍ॅमस्टरडॅमचं प्रकरण वाचताना पेन्सिल घेऊनच बसले होते.

मावशी जिनीला राइक्सम्युझियममध्ये पीट नावाच्या माणसाला शोधायला पाठवते. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' जवळ. शोध शोध शोधल्यावर कळतं की पीट तिथला पहारेकरी आहे. सैनिकांच्या पहाऱ्याचं चित्र आणि त्या चित्रावर पहारा करणारा हा. मला हसू आलं, छान जमलंय.

गंमत अशी की पुस्तक आलं त्या काळात म्युझियमची मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. २००३ ते २०१३, पूर्ण दहा वर्षं. 'नाइट वॉच' आणि काही निवडक चित्रं तेवढी शेजारच्या फिलिप्स दालनात लावली होती. त्यामुळे त्या काळात जिनीसारखं कोणी आलं असतं तर त्याला अख्ख्या म्युझियमचा एक तुकडाच बघायला मिळाला असता. आता मुख्य इमारतीत ते चित्र आपल्या मूळ जागी आहे, आणि २०१९ पासून त्याच्यावर लोकांसमोर, काचेच्या खोलीत संशोधन आणि डागडुजी चालू आहे.

आता मूळ मुद्दा, पावसाळी_दुपार यांच्यासाठी. हे चित्र १६४२ चं. १७१५ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं. ठरवलेल्या भिंतीवर ते मावेना. मग काय केलं? चारी बाजूंनी कापलं! डावीकडून सगळ्यात जास्त, तिथली माणसंच गेली. ते तुकडे परत कधी मिळाले नाहीत. २०२१ मध्ये म्युझियमने जुन्या एका नकलेवरून, संगणकाच्या मदतीने, गेलेल्या पट्ट्या तयार केल्या आणि चित्राच्या कडेने लावल्या. मी बघून आले. बघताना एकदम कळतं की पुढचे दोघं मधोमध नव्हते, ते चालत कुठेतरी निघाले होते. काही महिन्यांनी त्या पट्ट्या काढून टाकल्या.

तेराव्या पत्राचं मला तसंच वाटतं. लेखिकेने २०११ मध्ये दुसरा भाग लिहिला, त्यात ऑलिव्हर नावाच्या मुलाकडे ते पाकीट निघतं आणि पुन्हा धावाधाव सुरू. वाचायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण त्या लावलेल्या पट्ट्या आहेत. लावून बघाव्यात, मग काढून ठेवाव्यात.

अवांतर: अ‍ॅमस्टरडॅममध्येच जिनीला नॅप नावाचं अमेरिकन कुटुंब भेटतं. ते रोजचं वेळापत्रक छापून फिरतात. नऊ वाजता हे म्युझियम, साडेदहाला ते, मग बोटीत, मग सायकलवर. आपल्याकडची 'दहा दिवसांत सात देश' मंडळी मी दर उन्हाळ्यात सेंट्रल स्टेशनसमोर बघते, झेंडीवाल्या माणसामागे, पिशवीत ठेपले आणि लोणचं. नॅप हे त्यांचे सख्खे चुलते. (हलकेच घ्या, माझे आईबाबाही असेच आले होते.)

टिंगू_टीकाकार

डच_डोसा, चित्राची गोष्ट माहीत नव्हती, आवडली. माझं मत तरी बदललेलं नाही. रेम्ब्रांटचं चित्र कापलं ते नगरभवनातल्या लोकांनी, रेम्ब्रांटने नव्हे. इथे लेखिकेने स्वतःच कात्री चालवली आणि सहा वर्षांनी स्वतःच पट्टी लावली. याला धीट म्हणायचं का धंदा?

पावसाळी_दुपार

टिंगू, पहिलं पुस्तक लिहिताना दुसऱ्याचा विचार होता की नव्हता, याच्याशी मला देणंघेणं नाही. पहिल्या पुस्तकाचं शेवटचं पान मिटलं तेव्हा पत्र हरवलेलंच होतं. सहा वर्षं ते हरवलेलंच राहिलं. त्या वेळी वाचलेल्या पोरांनी त्यात आपापलं पत्र घातलं असणार.

आपमतलबी मावशीबद्दल: 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्यांनी मावशीकडून नेहमी लाडच अपेक्षिले. इथे मावशीच गेली, आणि जाताना लाड न करता काम लावून गेली. मला हे उलटं फार आवडलं. लंडनमध्ये ती सांगते की पाचशे पौंड एखाद्या उपाशी कलाकाराला दे. कुठल्या, ते नाही सांगत. जिनी गाठते कीथला, जो 'स्टारबक्स: द म्युझिकल' नावाचं भयंकर नाटक करतोय. त्याच्या प्रयोगाची तिकिटं विकत घेते आणि मग ती खपवता खपवता तिच्या नाकी नऊ येतात. बुजऱ्या मुलीला अनोळखी माणसांशी बोलायला लावायचा याहून नामी उपाय मला सुचत नाही.

घाटवाट

मी कादंबरी वाचलेली नाही, लेकीच्या कपाटात दिसते. पण 'युरोपात सॅक चोरीला गेलेला एकटा पोरगा' म्हटल्यावर राहवलं नाही.

पॅट्रिक ली फर्मर. अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा. भाजीवाल्याच्या मुलीचा हात धरून बसलेला सापडला म्हणून कँटरबरीच्या शाळेतून काढला होता. १९३३ च्या डिसेंबरात लंडनहून बोटीने हॉलंडला उतरला आणि पायी निघाला. जायचं होतं कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे इस्तंबूलला. हिटलर सत्तेवर येऊन वर्षही झालेलं नव्हतं. ऱ्हाइनच्या काठाने, बर्फातून, कधी गोठ्यात, कधी एखाद्या सरदाराच्या वाड्यात झोपत गेला.

म्युनिकच्या यूथ हॉस्टेलमध्ये त्याची सॅक चोरीला गेली. पासपोर्ट, पैसे आणि तोवरची रोजनिशी, सगळं. ब्रिटिश वकिलातीने नवा पासपोर्ट दिला आणि गडी पुढे चालू लागला. पुस्तक लिहिलं ते १९७७ मध्ये, वय साठीच्या पुढे. म्हणजे रोजनिशीचा तो पहिला भाग नसतानाही, चाळीस वर्षांनी, आठवणीतून. त्यात अठरा वर्षांचा मुलगा दिसतो तितकाच त्याच्याकडे मागे वळून बघणारा म्हातारा दिसतो. काही ठिकाणी आठवण आणि कल्पना यांची सरमिसळ झाली आहे हे अभ्यासकांनी दाखवलं आहे. मला त्याचा राग येत नाही. रोजनिशी शाबूत राहिली असती तर कदाचित आपल्याला पाठ्यपुस्तकातलं प्रवासवर्णन मिळालं असतं.

तेव्हा पावसाळी_दुपार यांच्या बाजूने माझं एक मत. गेलेला कागद लिहिणाऱ्याला मोकळं करतो.

अजून एक. यूथ हॉस्टेल ही कल्पनाच जर्मनीतल्या एका मास्तरांची, रिखार्ड शिरमान. पोरांना घेऊन पायी सहलीला गेले आणि पावसात अडकले. तिथून १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल. ती वास्तू आजही बघता येते. आपल्याकडे सह्याद्रीत फिरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी यूथ हॉस्टेलच्या ट्रेकवर पहिल्यांदा घराबाहेर रात्र काढली आहे, मीही त्यातलाच.

पावसाळी_दुपार

नमस्कार, मी भाची. मावशीने तिच्या आयडीवरून लिहायला दिलंय. दहावी झालीय, रिझल्ट यायचाय, म्हणून वेळ आहे.

मावशी म्हणते जिनी फक्त ऑर्डर पाळते. मला हे पटत नाही. पत्रांत काय करायचं ते लिहिलंय, कसं करायचं ते नाही. पाचशे पौंड द्यायचे हे पत्रात आहे, पण कीथला द्यायचे हे तिचं. मुलाला केक विचारायचा हे पत्रात आहे, पण त्या बेपेच्या हातून सुटून ती बाहेर पडली ते कुठल्याच पाकिटात नव्हतं. घाबरली होती तरी पडली. मोठी माणसं 'निर्णय' म्हणजे फार मोठं काहीतरी समजतात. आमच्यासारख्यांना नाही म्हणून खोलीबाहेर जाता येणं हासुद्धा निर्णयच असतो.

टिंगू काका (काका म्हटलं तर चालेल ना?), इटालियन मुलगा तसा दाखवलाय हे खरं आहे, एकच दाखवला हेही. पण मला तो प्रसंग इटलीचा वाटलाच नाही. तो कुठेही होतो. बसमध्ये पण.

त्याच प्रकरणात मावशी, म्हणजे पेग मावशी, तिला रोमच्या जुन्या चौकातले, फोरममधले, व्हेस्टल व्हर्जिन्सचे म्हणजे प्राचीन रोममधल्या पुजारणींचे पुतळे बघायला लावते. मी नेटवर वाचलं की त्या मुलींना सहा ते दहा वर्षांच्या असताना निवडायचे आणि तीस वर्षं त्यांनी देवीचा अग्नी विझू द्यायचा नाही. लग्न नाही. ब्रह्मचर्य मोडलं तर जिवंत पुरायचे. हे वाचल्यावर पेगने त्यांच्याकडूनच सरळ 'जा, मुलाशी बोल' असं का पाठवलं ते मला कळलं. तिला वाटलं असेल ही पोरगी आत्ताच तीस वर्षांची ड्युटी लावून बसलीय.

मला सगळ्यात भीती वाटली ती फोनच्या नियमाची. मी ट्राय केलं. घरातच, एक दिवस फोन न घेता. संध्याकाळपर्यंत मला कळत नव्हतं की हाताचं काय करायचं.

आणि आवडलं हे की अख्ख्या पुस्तकात जिनीला कोणीही मार्क विचारत नाही.

टिंगू_टीकाकार

काका चालेल. बसबद्दल तुझं म्हणणं बिनतोड आहे, तो मुद्दा मी सोडला. बाकीचे राखून ठेवतो.

पोथीनिष्ठ

उशिरा आलो. सगळे नाशिकच्या काल्पनिक जिनीबद्दल बोलतायत, म्हणून खऱ्या मुलीची आठवण करून देतो.

आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षं पुरी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. नवरा सोबत नाही, माहेरचं कोणी नाही. सोबत मिशनरी बायका होत्या, आणि त्यांच्याशी आनंदीबाईंचं फारसं जुळलं नाही. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. घ्यायला आल्या होत्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई, ज्यांना त्यांनी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. ओळख सगळी पत्रांतली. कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं, त्यावरून लिहायला सुरुवात केली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

आणि या मावशी राहायच्या कुठे? रोझेल, न्यू जर्सी. जिनीच्या राज्यात. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढू नका, पण वाचताना मी दचकलो.

खडीसाखर यांनी विचारलं आई कुठे आहे. आनंदीबाईंच्या बाबतीत पत्रांच्या मागे आई नव्हती, नवरा होता. हट्टी, तऱ्हेवाईक, बायकोला शिकवायचंच म्हणून पेटलेला. म्हणजे तिथेही टिंगू म्हणतात तो प्रश्न आहेच: हा प्रवास नक्की कोणाचा? पण निघण्याआधी सेरामपूरच्या सभेत आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि मी अमेरिकेला का जाते ते स्वतः, इंग्रजीत, लोकांसमोर बोलल्या. भाचीबाईंच्या भाषेत सांगायचं तर जाणं दुसऱ्याच्या डोक्यातून निघालं असेल, कसं जायचं ते त्यांनी ठरवलं. अमेरिकेतही साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. रक्षा मावशींकडे पाठवली, ती न्यूयॉर्क राज्यात पुकिप्सीला कार्पेंटरांच्या घरच्या दफनभूमीत आहे.

टिंगू, अस्थींचं तुम्ही थट्टेत लिहिलं होतं. खरोखरीच गेल्या आहेत, समुद्र ओलांडून, मावशीकडे.

टिवल्याबावल्या

आता यावर काय लिहायचं. रोझेल नकाशावर शोधत बसलेय.

डच_डोसा

पोथीनिष्ठ, स्वतंत्र धागा काढा यावर, प्लीज. इथे पंचवीस प्रतिसादांखाली दबून जाईल.

भाची, फोन न घेता एक दिवस काढलास त्याबद्दल तुला अ‍ॅमस्टरडॅममध्ये माझ्याकडून फ्राइज. व्हिसाचं शेंगेनबाबा बघतील.

शेंगेनबाबा

पालकांची सही आणा, बाकी बघतो.

खडीसाखर

धागा वाचून पुस्तक पुन्हा काढलं, आता मुलाला द्यावं म्हणते. तेरा पूर्ण आहे. रोमचं प्रकरण त्या वयाला जड जाईल का? आणि दोन्ही भाग एकदम देऊ का? सेट स्वस्त पडतोय.

पावसाळी_दुपार

(आता मीच, भाची झोपली.)

तेराव्या वर्षी चालेल. रोमच्या प्रसंगात उघडंवाघडं काही नाही, धडधड आहे, आणि ती मुलग्याने वाचलेली बरी. तुम्ही आधी तेवढं प्रकरण डोळ्यांखालून घाला, तो विचारेल तेव्हा बोलता येईल. इंग्रजी सोपं आहे, मध्ये मध्ये जिनीची मिरियमला लिहिलेली पत्रं आहेत, ती मुलं पटापट वाचतात.

सेट घ्या हवं तर, पण दुसरा भाग कपाटात वर ठेवा. पहिला संपल्यावर महिनाभर तरी देऊ नका. त्या महिन्यात तेराव्या पत्रात काय असेल ते त्याला विचारा, आणि काय म्हणाला ते इथे येऊन लिहा. भाचीने तिचं उत्तर मला सांगितलंय, पण इथे लिहायला मनाई आहे.